घरटें आणि कठडा

शास्त्रपाठ: अनुवाद २२:६-८



इस्राएल लोक यार्देन उतरून वचनदत्त देशांत जाणार, त्यापूर्वीं मोशेनें त्यांस पुष्कळ नियम सांगितले. कांहीं नियम मोठे आहेत. देवाची भक्ति, आईबापांचा मान, मनुष्यहत्या, चोरी, खोटी साक्ष यांविषयींचे. कांहीं इतके लहान दिसतात कीं, वाचणारा त्यांवरून सहज पुढें निघून जातो. आजच्या पाठांत असे दोन लहान नियम एकापाठोपाठ आले आहेत. पहिला पांखराच्या घरट्याचा. वाटेनें जातां झाडावर किंवा भुईवर घरटें आढळलें, आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलें घेणें झाल्यास घ्यावीं, पण आईला धरूं नये, तिला जाऊं द्यावें. दुसरा घराच्या धाब्याचा. नवें घर बांधलें तर धाब्याला कठडा करावा. नाहींतर कोणी वरून पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल.

घरट्याचा नियम मनुष्यास उपाशी राहावयास सांगत नाहीं. अंडें घे, पिलूं घे. पण ज्या मातेपासून पुढल्या वर्षीं पुन्हां अंडीं व्हावयाचीं, तिला हात लावूं नको, एवढेंच त्याचें म्हणणें आहे. आपल्या शेतकऱ्याला हें निराळें शिकवावयास नको. जें घर बियाण्याची कणगी फोडून खातें, त्याला पुढच्या मृगांत दुसऱ्याच्या दारीं हात पसरावा लागतो, हें तो जाणतो. आणि ह्या लहानशा नियमाला जोडलेलें अभिवचन पाहा. जो हा पाळील त्याचें कल्याण होईल व तो पुष्कळ दिवस जगेल. हेंच अभिवचन दहा आज्ञांत आईबापांचा मान राखणाऱ्यास दिलेलें आहे. ज्या देवानें मनुष्याच्या आईला मान द्यावयास सांगितलें, त्यानेंच पांखराच्या आईलाही सोडावयास सांगितलें, आणि दोहोंचें प्रतिफळ एकच ठेविलें.

कठड्याच्या नियमांतही विचार करण्यासारखें आहे. कठडा घरधन्यापेक्षां इतरांच्या उपयोगाचा अधिक. घरधन्याला आपल्या धाब्याची कड ठाऊक असते. पाहुण्याला, खेळणाऱ्या मुलाला, अंधारांत वर चढलेल्या मजुराला ती ठाऊक नसते. त्यांतला कोणी पडला, तर घरधन्यानें त्याला ढकलिलें असें कोणी म्हणणार नाहीं. तरी देव त्याला विचारतो कीं, कठडा कोठें आहे? वाईट करणें हें जसें पाप, तसें जें आडवें घालावयाचें तें न घालणें हेंही पाप.

आतां हे दोन नियम शेजारींशेजारीं कां आले? पांखराच्या घरट्याचा मनुष्याच्या घराशीं काय संबंध? ह्याचें उत्तर पाहावयास फार दूर जावयाचें कारण नाहीं. मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका हें ठिकाण त्याला पुरे आहे.

साकीनाका आपल्या गांवच्या मंडळींस अगदींच परकें नाहीं. शेतांत भागेना म्हणून मुंबईची वाट धरलेले कितीएक तरुण अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आजूबाजूच्या लहानमोठ्या कारखान्यांत काम करितात, आणि डोंगराच्या उतारावर किंवा नाल्याच्या कांठीं भाड्याच्या खोलींत राहतात. त्या वस्तीच्या वरच्या अंगास विहार व पवई हे दोन तलाव आहेत. विहार १८६० सालीं पुरा झाला, पवई १८९१ सालीं बांधला गेला. त्यांच्याभोंवतीं अद्यापि वन आहे, आणि त्या वनांत बिबळ्या फिरतो. ह्या तलावांचें ओसंडणारें पाणी घेऊन मिठी नदी निघते, व साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी यांच्या बाजूनें सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते.

देवानें पाण्याची ही व्यवस्था कशी लाविली होती? डोंगरावरील झाडांनीं पावसाचा मारा अंगावर घ्यावा, त्यांच्या मुळांनीं माती धरावी. खालच्या दलदलीनें पुराला पसरावयास जागा द्यावी. आणि मुखाशीं तिवरांच्या झाडीनें, जिला कोणी खारफुटी, कोणी कांदळवन म्हणतात, तिनें समुद्राची लाट व नदीचा लोंढा ह्यांच्यामध्यें उभें राहावें. मासे, खेकडे, पाणकोंबड्या, बगळे यांचें तें घरटें होतें. मनुष्यानें तेथून मासळी व लाकूड घेतलें, तोंवर कांहीं बिघडलें नाहीं. पण पुढें आईवरच हात पडला. दलदलींत भराव टाकिला. तिवरें तोडिलीं. विमानतळाजवळ नदीचें पात्र काटकोनांत वळविलें व धांवपट्टीखालून काढिलें. कारखान्यांचें तेल, रसायन व वस्तीचा मैला पात्रांत सोडिला. इतकें झाल्यावर लोक तिला नदी म्हणेनासे झाले. नाला म्हणूं लागले.

मग २००५ सालच्या जुलई महिन्याची २६ तारीख आली. सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत दोन वर्षांतही इतका पडत नाहीं. मिठी आपली जुनी जागा शोधीत कुर्ला व कलिना येथील घरांत शिरली. साकीनाक्यास डोंगराचा कडा खालच्या वस्तीवर कोसळला, आणि सत्तरांच्या आसपास माणसें मातीखालीं गेलीं. त्या पुरानें सबंध मुंबईंत चारशेंहून अधिक जीव घेतले. पाऊस देवाच्या हातचा, हें खरें. परंतु डोंगर कोणी उघडा केला, व उतरणीखालीं गरिबाला घर मांडावयाची पाळी कोणी आणिली, हा प्रश्न आभाळाला विचारावयाचा नाहीं.

बंधूंनो, त्या दिवशीं दोन नियमांचें शेजारपण उघड झालें. पांखराचें घरटें होतें तोच मनुष्याच्या घराचा कठडा होता. जें वन पांखरासाठीं राखावयाचें, त्याच वनाचें मूळ झोपडीवरची दरड धरून ठेवतें. जी तिवराची झाडी माशाच्या अंड्यांसाठीं सोडावयाची, तीच खाडीकांठच्या कोळ्याचें दार पुरापासून राखते. म्हणून माणसांस घरें नसतां पांखरांची काळजी कशाला, असें जें कोणी म्हणतात, त्यांना हा पाठ वाचावयास द्यावा. घरटें मोडणारा आपल्याच धाब्याचा कठडा मोडीत असतो. फरक इतकाच कीं, मोडणारा एक असतो आणि पडणारा बहुधा दुसराच.

कोणी विचारील कीं, आपल्या देशांत याविषयीं नियम नाहींत काय? पुष्कळ आहेत. १९२७ चा वनांचा कायदा आहे, १९७२ चा वन्य जीवांचा, १९७४ चा पाण्याच्या प्रदूषणाचा, १९७५ चा महाराष्ट्रांतील शहरांच्या झाडांचा, १९८६ चा पर्यावरणाचा, आणि २००२ चा जैविक विविधतेचा, म्हणजे देवानें निर्मिलेल्या नाना जातींच्या रक्षणाचा. उणीव नियमांची नाहीं, पाळण्याची आहे. दुसऱ्या राजांच्या बाविसाव्या अध्यायांत योशीया राजाची गोष्ट आहे. मंदिराची डागडुजी चालली असतां हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचें पुस्तक सांपडलें. तें परदेशांत गेलें नव्हतें, शत्रूनें पळविलें नव्हतें. तें देवाच्या मंदिरांतच होतें. फक्त कोणी उघडीत नव्हतें. घरांत पुस्तक असून लोक नियमावांचून जगत होते.

आपल्या राज्यांतही असेंच दिसतें. पुरानंतर त्याच वर्षीं सरकारनें मिठीच्या विकासासाठीं व रक्षणासाठीं प्राधिकरण नेमिलें. पुष्कळ पैसा खर्ची पडला. आजही त्या पात्रांत मैला वाहतो आहे. २०२५ सालीं तर तिचा गाळ काढण्याच्या कामांत कोट्यवधि रुपयांची लबाडी झाली, अशा आरोपावरून पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. आरोपाचा निकाल न्यायालय करील. पण खोट्या मापाचा देवाला वीट आहे, आणि काढलेल्या गाळाचें मापही मापच आहे, हें कोणत्याही मक्तेदारानें विसरूं नये. साकीनाक्याच्या उत्तरेस आरें येथें ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें झाडें वांचविण्याविषयींचे अर्ज फेटाळले, व त्याच रात्रीं मेट्रोगाडीच्या कारशेडसाठीं करवती चालूं झाल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली, तोंवर दोन हजारांहून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. मेट्रोगाडीनें कामकरी लोकांची मोठी सोय होते, हें नाकारूं नये. परंतु ज्या कामाला रात्रीची घाई करावी लागते, तें करणाऱ्यानें आपल्या मनाला एकदां विचारावें कीं, उजाडण्याची वाट पाहावयास काय हरकत होती?

तथापि नियम पाळला गेला तर काय होतें, हेंही देवानें आपल्याला दाखविलें आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००५ सालच्या ऑक्टोबरांत तिवरांची तोड बंद करण्याचा हुकूम दिला, आणि त्यांपासून ५० मीटरांच्या आंत बांधकाम होऊं नये असें सांगितलें. २०१८ च्या सप्टेंबरांत शेवटचा निकाल देतांना न्यायालय म्हणालें कीं, तिवरांचा नाश हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. मध्यंतरीं २०१२ सालीं राज्याच्या वनखात्यांत कांदळवन कक्ष निघाला. सरकारी मोजणींत महाराष्ट्राची खारफुटी २०१३ सालीं १८६ चौरस किलोमीटर होती, ती २०२१ सालीं ३२४ भरली. त्यांतील कांहीं वाढ बारीक मोजणीची धरली, तरी हुकूम, पहारेकरी व लोकांची जागरूकता यांचें फळ त्यांत आहे. ठाण्याच्या खाडींत रोहित पक्षी, ज्यांस फ्लेमिंगो म्हणतात, ते हजारोंनीं उतरतात; ती जागा २०१५ सालीं अभयारण्य झाली. आणि त्याच दुर्दैवी मिठीच्या कांठीं, धारावीजवळ, जेथें १९७० नंतरच्या वर्षांपर्यंत शहराचा कचरा टाकीत, तेथें १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हातून पहिलें झाड लागलें. १९९४ सालीं तें ३७ एकरांचें निसर्ग उद्यान लोकांस उघडें झालें. आज तेथें पक्षी घरटीं करितात. उकिरड्याचें वन होऊं शकतें. म्हणून आतां काय उपयोग, असें म्हणून हात झाडून मोकळें होण्यास आपल्याला जागा उरलेली नाहीं.

हें सारें मुंबईचें झालें. खेड्यांतील आपला यांत काय संबंध, असें वाटत असेल तर गिधाडांकडे पाहा. आपल्यांतील पन्नाशीच्या वरच्या माणसांनीं तीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं हाडें स्वच्छ व्हावीं. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांच्या तीन जाती शंभरांत सत्त्याण्णव ह्या प्रमाणाहूनही अधिक नाहींशा झाल्या. कोणी गोळी घातली नाहीं. आजारी गुरांना वेदना थांबविण्यासाठीं डायक्लोफेनॅक नांवाचें औषध टोंचीत. तें जनावर मेलें व गिधाडानें खाल्लें, कीं गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते. अशी आई मेली म्हणजे वंश भरून यावयास किती काळ लागेल, याचा विचार करा. गिधाडें गेलीं आणि मढ्यांवर कुत्रीं वाढलीं. कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचें भय वाढलें. येथेंही घरटें मोडतांच मुलांच्या वाटेवरचा कठडा गेला. सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध बंद केलें. तरी माणसांसाठीं निघणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत येतच राहिल्या, म्हणून २०१५ सालीं ती बाटली ३ मिलिलिटरांहून मोठी असूं नये असा नियम करावा लागला. पाहा, एका नियमाला नऊ वर्षें दुसऱ्या नियमाची वाट पाहावी लागली, कारण गोठ्यांत त्याला राखणारा कोणी नव्हता.

सर्व जगांत आज हाच विचार चालला आहे. १९६ पक्षांच्या परिषदेनें २०२२ सालच्या डिसेंबरांत कॅनडांतील माँट्रियल शहरीं असें ठरविलें कीं, बिघडलेल्या जमिनीचे व पाण्याचे शेंकडा तीस भाग तरी २०३० पर्यंत सुधारणेखालीं आणावे. त्यांत आपला देशही आहे. युरोपच्या संघानें तर २०२४ सालीं निसर्ग पूर्ववत् करण्याचा कायदाच केला. मोडूं नये एवढें सांगणें वेगळें, आणि मोडलेलें पुन्हां उभें करावें असें सांगणें वेगळें. हा दुसरा विचार मोशेच्या शास्त्राला नवा नाहीं. सातव्या वर्षीं जमिनीला विसांवा द्यावा, असें लेवीयांत सांगितलें होतें. लोकांनीं तो दिला नाहीं, तेव्हां बंदिवासाच्या सत्तर वर्षांत ओसाड पडलेल्या भूमीनें आपले सगळे शब्बाथ वसूल करून घेतले, असें इतिहासाचा ग्रंथकार शेवटीं लिहितो. भूमीचें देणें बुडत नाहीं. आपण खुशीनें दिलें नाहीं, तर ती दुःखाच्या मार्गानें घेते.

आतां एक खरी अडचण आहे, ती लपवून चालावयाचें नाहीं. गरीब म्हणतो, कायदा माझ्या झोपडीवर धांवतो. मोठ्याच्या भिंतीवर त्याला चढतां येत नाहीं. हें गाऱ्हाणें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाबानें चोरून घेतला नाहीं. उपासाचा दिवस ठरला, वडील जमले, साक्षी झाल्या, आणि कायद्याच्या रीतीनेंच एका गरिबाला दगडमार झाला. तरी एलीयानें नियम टाकून द्या असें म्हटलें नाहीं. राजाला त्याच नियमापुढें उभें केलें. वांकड्या कायद्याला उतारा सरळ कायदा हाच आहे. आणि तो गरिबाच्याही हातीं येऊं शकतो. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड लोकांच्या गांवानें २००६ च्या वनहक्क कायद्यानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर आपला सामूहिक हक्क मिळविला. त्या गांवांत वनाचा निर्णय ग्रामसभा एकत्र बसून करते. तेथील लोक बांबू विकतात, पण बेट मारीत नाहींत. घरट्याचा नियम तो हाच.

मग आपण काय करावें? उपदेशक बंधूंस व मंडळीच्या पंचांस एक काम सुचवितों. २००२ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची, आणि गांवची झाडें, बियाणीं, गुरें, पांखरें, मासे, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही असावयाची. त्या बऱ्याच काळ झाल्याच नाहींत; शेवटीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, व चुकणाऱ्या राज्यांस दरमहा दहा लाख रुपयांचा भार ठरविला, तेव्हां घाईघाईनें वह्या भरल्या गेल्या. आपल्या गांवची वही ग्रामसेवकाकडे मागा. ती कपाटांत असेल. हिल्कीयाला सांपडलेलें पुस्तकही आंतच होतें. योशीयानें तें पुस्तक लहानथोर सर्वांस जमवून त्यांच्यासमोर वाचून दाखविलें. आपणही ती वही ग्रामसभेंत वाचावयास सांगा. ओढ्यांतील मळ्या मासा तींत आहे काय? देवराईंतील जुनीं झाडें आहेत काय? म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असलेल्या रानभाज्या कोणी लिहिल्या आहेत काय? नसतील तर लिहवा. जें लिहिलेंच नाहीं, तें नाहींसें झाल्यावर त्याची फिर्याद करतां येत नाहीं. समितींत जागा मिळाली तर जा. आपल्या मंडळीच्या लोकांबरोबर देवळाचे व मशिदीचे लोकही तेथें बसतील. ओढा सर्वांचा आहे, आणि हें काम शेजाऱ्यांबरोबर मिळूनच व्हावयाचें आहे.

आणि घरीं? गुरांच्या डॉक्टरला विचारा कीं, डायक्लोफेनॅकऐवजीं मेलॉक्सिकॅम देतां काय. तें गिधाडांस बाधत नाहीं. ओढ्यांत विष घालून मासे धरूं नका. त्यांत आई, पिलूं, अंडें सर्व एकदम जातें. वाळूच्या गाड्या रात्रीं भरल्या जात असतील, तर त्यांत आपला मुलगा मजुरीस नाहीं ना, तें पाहा. कारण पात्र खोल गेलें कीं पहिली कोरडी पडते ती आपलीच विहीर. साकीनाक्यास किंवा दुसरीकडे राहणाऱ्या मुलाला पत्र पाठवाल किंवा फोन कराल, तेव्हां पगार विचारा, तसें घर डोंगराखालीं आहे कीं नाल्याकांठीं, हेंही विचारा, आणि पावसाळ्यापूर्वीं धोक्याची सूचना आली तर सामानासाठीं थांबूं नको, असें बजावून सांगा.

नियम ऐकणाराला तो ऐकल्याचें फळ नाहीं, पाळणाराला आहे. वाटेनें जातां आपल्याला जें घरटें आढळेल तें लहानसेंच असेल. त्या वेळीं तेथें शिपाई नसेल, न्यायाधीश नसेल, पाहणारा कोणी नसेल. आईला जाऊं द्यावें कीं धरावें, हें ठरविणारे आपण एकटे असूं. मोशेनें हा नियम राजवाड्यासाठीं सांगितला नाहीं. वाटेनें चालणाऱ्या साध्या मनुष्यासाठीं सांगितला. यहेज्केलाला दृष्टांतांत जी नदी दिसली, ती मंदिराच्या उंबरठ्याखालून अगदीं बारीक धारेनें निघाली, आणि पुढें जातांजातां खारा समुद्र गोडा करून माशांनीं भरून टाकण्याइतकी झाली. आपल्या उंबरठ्यापासून निघणारी धार बारीक असली तरी चालेल. ती स्वच्छ असावी, आणि निघावी. तसें करण्याची बुद्धि व बळ प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.